स्मारक कुठे उभारावे?



आपल्या भागात पुष्कळ गावांत एखादा दगडी खांब किंवा संगमरवरी पाटी दिसते. कुठे ती चावडीपुढे असते, कुठे शाळेच्या आवारात, कुठे फाट्यावर. तिच्यावर नावे कोरलेली असतात. लढाईत किंवा स्वातंत्र्याच्या चळवळीत जे कामी आले, त्यांची ती नावे. इतके दिवस आपण त्या पाटीजवळून नुसते जात होतो. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा क्षणभर थांबावे आणि नावे वाचावीत.

या धड्यात आपण एका प्रश्नाचा विचार करू. असे स्मारक कुठे उभारायचे, हे कोणी ठरवावे आणि कसे ठरवावे? प्रश्न लहान दिसतो. पण तो नीट न सोडवल्यामुळे काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ती हकीकत आधी सांगतो.

एका गावची हकीकत

गिरणाकाठी एक गाव आहे. गावाचे नाव सांगत नाही. आम्ही तेव्हा तिथे हेडमास्तर होतो. त्या गावचा एक तरुण फौजेत होता. तो सीमेवर कामी आला. तिरंग्यात गुंडाळलेला देह गावात आला त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाही.

गावच्या पोरांनी ठरवले, याचे स्मारक झालेच पाहिजे. वर्गणी जमली. कोणी सिमेंट दिले, कोणी वाळू दिली. फाट्यावर, डांबरी सडकेच्या कडेला, एका रात्रीत चौथरा बांधून झाला. आठ दिवसांत खांब उभा राहिला. आम्हीही त्या रात्री तिथे कंदील धरून उभे होतो. ही जागा कोणाची, असे कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. शिकल्यासवरल्या माणसाने तेवढे विचारायला हवे होते.

पुढे दोन वर्षांनी सडक रुंद करण्याचे काम निघाले. मोजणी झाली. चौथरा सडकेच्या हद्दीत निघाला. कागद कोणाकडेच नव्हता. ठराव नव्हता, परवानगी नव्हती. खांब काढावा लागला. तो पंचायतीच्या मागच्या खोलीत, जुन्या पाइपांच्या शेजारी, आडवा ठेवला गेला. सात-आठ महिने तो तिथेच पडून होता.

त्या जवानाच्या आईला गाव जिजी म्हणते. जिजी एक दिवस त्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मना आंडोरनं नाव आठे काबर पडेल शे?” कोणाजवळ उत्तर नव्हते. आम्ही मान खाली घातली.

चूक पोरांच्या भावनेत नव्हती. चूक घाईत होती. जागा सगळ्यांच्या मताने ठरली नव्हती आणि कागदावरही आली नव्हती. आता दुसरीकडे ही गोष्ट कशी झाली ते पाहू.

जिथे रक्त सांडले ती जागा

काही ठिकाणी जागा शोधावी लागत नाही. घटनाच ती जागा ठरवते.

नंदुरबारचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. पुढे ते धुळे जिल्ह्यात होते आणि १९९८ मध्ये त्याचा वेगळा जिल्हा झाला. १९४२ च्या ९ सप्टेंबरला तिथे ‘चले जाव’ची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा हातात तिरंगा घेऊन होता. तो पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. आज त्या शहरात, भर वस्तीत, त्यांचे स्मारक आहे. बाजाराला जाणारा माणूस त्यावरूनच जातो. हे स्मारक दुसऱ्या गावी नेऊन बांधा, असे कोणी म्हणणार नाही.

पण जागा ठरली म्हणजे ती राहिली, असे नसते. जागेवर उद्या कोणी दुकान बांधील, कोणी ती विकील. तिला राखायला काही आधार लागतो. तो आधार कसा असतो, हे पंजाबातल्या अमृतसरला दिसते.

जालियनवाला बाग आणि कायदा

१९१९ च्या १३ एप्रिलला, बैसाखीच्या दिवशी, अमृतसरच्या जालियनवाला बागेत लोक सभेसाठी जमले होते. जनरल डायर शिपाई घेऊन आला. त्याने बाहेर पडण्याची मुख्य वाट अडवली आणि गोळ्या झाडल्या. शेकडो माणसे मेली. ही लढाई नव्हती. माणसे निःशस्त्र होती. पण राष्ट्राच्या स्मारकाची जागा कायद्याने कशी राखतात, हे शिकायला हे उदाहरण उपयोगी आहे.

ती जागा खाजगी मालकीची होती. काँग्रेसने देशभर वर्गणी गोळा केली आणि १९२० मध्ये ती विकत घेतली. जमीन हाती आली, पण राज्य इंग्रजांचे होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९५१ मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी एक कायदा केला. त्याचे नाव ‘जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारक अधिनियम’. कायद्याने एक विश्वस्त मंडळ नेमले. जागा कोणाच्या ताब्यात राहील, स्मारक कोण बांधील, पैशाचा हिशेब कोण ठेवील, हे सारे त्यात लिहिले. पुढे स्मारक बांधून झाले आणि १९६१ च्या १३ एप्रिलला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

कायदा म्हणजे काय, हे इथे समजून घेऊ. आधी एक मसुदा तयार करतात. त्याला विधेयक म्हणतात. ते लोकसभेत आणि राज्यसभेत मांडतात. आपण निवडून दिलेले खासदार लोकसभेत बसतात. ते त्यावर बोलतात, चुका काढतात, बदल सुचवतात. मग मते घेतात. दोन्ही सभांनी मंजूर केले आणि राष्ट्रपतींनी संमती दिली, म्हणजे विधेयकाचा कायदा होतो. (१९५१ मध्ये एकच सभा होती. दोन सभा १९५२ पासून आल्या.)

मग त्या कायद्यातले काही बदलायचे असेल, तर पुन्हा संसदेतच जावे लागते. विश्वस्त कोण असावेत याविषयी २०१९ मध्ये बदल झाला, तोही संसदेत चर्चा होऊन आणि मते पडून झाला. एका माणसाच्या मनात आले म्हणून जागा हलली, असे होत नाही. कायद्याचा फायदा तो हा.

दिल्लीचे राष्ट्रीय युद्ध स्मारक

आता वेगळी अडचण पाहू. फौजेचे जवान एका ठिकाणी मरत नाहीत. कोणी काश्मीरच्या बर्फात, कोणी राजस्थानच्या वाळवंटात, कोणी समुद्रावर. मग साऱ्यांचे मिळून एक स्मारक कुठे बांधायचे?

दिल्लीला इंडिया गेट नावाची मोठी कमान आहे. ती इंग्रजांनी बांधली. १९३१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या अफगाण लढाईत इंग्रजांच्या फौजेतून लढताना जे हिंदी शिपाई मेले, त्यांच्यासाठी ती आहे. तेरा हजारांहून जास्त नावे तिच्यावर आहेत. स्वतंत्र भारतासाठी जे लढले, त्यांची नावे मात्र तिच्यावर नाहीत. १९७१ च्या लढाईनंतर, १९७२ च्या २६ जानेवारीला, कमानीखाली अमर जवान ज्योत पेटवली. पण ज्योत म्हणजे नावांची यादी नव्हे. साऱ्या देशाच्या जवानांची नावे एकत्र कोरलेली दिसावीत, अशी जागा नव्हती.

माजी सैनिकांची ही मागणी फार जुनी. सरकारे आली, गेली. मोठा घोळ जागेचा होता. फौजेचे म्हणणे होते, स्मारक इंडिया गेटजवळच हवे, कारण देशभरची माणसे तिथे येतात. २०१२ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या राज्य सरकारने हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, शहरातली माणसे पोराबाळांना घेऊन त्या हिरवळीवर संध्याकाळी मोकळी बसतात. तिथे पहारे आले तर ही मोकळीक जाईल. या म्हणण्यातही तथ्य होते. दोन्ही बाजू देशाचे भलेच चिंतत होत्या.

शेवटी २०१५ च्या ७ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. इंडिया गेटच्या शेजारची सुमारे ४० एकर जागा ठरली. त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला नाही. हा मंत्रिमंडळाचा निर्णय होता. जगभरातून नमुने मागवले आणि चेन्नईच्या एका वास्तुशिल्पकाराचा नमुना निवडला. त्यात हरकतीचाही विचार झालेला दिसतो. स्मारकाचा पुष्कळ भाग जमिनीच्या पातळीखाली घेतला आहे. त्यामुळे इंडिया गेटकडे पाहताना मध्ये काही आडवे येत नाही.

२०१९ च्या २५ फेब्रुवारीला स्मारक खुले झाले. त्या वेळी तिथे २५,९४२ नावे होती. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव सोनेरी अक्षरांत आहे. त्यात शिपाई आहे आणि अधिकारीही आहे. दोघांची वीट सारखीच. २०२२ च्या २१ जानेवारीला इंडिया गेटखालची ज्योत या नव्या स्मारकातल्या ज्योतीत मिळवली. दिल्लीला जाण्याचा योग आला, तर हे स्मारक जरूर पाहावे आणि आपल्या जिल्ह्याच्या जवानाचे नाव शोधावे.

अमेरिकेत जागेसाठीही कायदा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिथे सरकारी जमिनीवर राष्ट्राचे स्मारक बांधायचे, तर १९८६ पासून असा नियम आहे की, आधी त्यांच्या संसदेने कायदा करावा. शहराच्या मुख्य भागात जागा हवी असेल, तर तेवढ्यासाठी संसदेची आणखी वेगळी मंजुरी लागते.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. त्याच्या स्मारकाचा कायदा तिथे १९९३ मध्ये झाला. मुख्य भागात बांधायची मंजुरी १९९४ मध्ये मिळाली. १९९५ मध्ये जागा ठरली. पुष्कळ लोकांनी विरोध केला. दोन जुन्या स्मारकांच्या मधले मोकळे मैदान यामुळे तुटेल, असे ते म्हणाले. सभा झाल्या, कोर्टात दावा झाला. अखेर २००१ मध्ये संसदेने आणखी एक कायदा करून हा वाद मिटवला. २००४ मध्ये स्मारक खुले झाले. म्हणजे युद्ध संपल्यावर एकोणसाठ वर्षांनी! लढलेले कितीतरी शिपाई तोवर म्हातारे होऊन वारले होते.

हे पाहून २००३ मध्ये तिथे कायदा झाला की, मधल्या मैदानात यापुढे नवे स्मारक नको. पण पुढे दहशतवादाविरुद्धच्या युद्धातल्या सैनिकांचे स्मारक बांधायचे निघाले. त्याला त्याच मैदानात जागा हवी होती. मग २०२१ च्या डिसेंबरात कायद्यानेच तेवढ्या एका स्मारकाला सूट मिळाली.

तुम्ही म्हणाल, एवढे कागद करण्यात काय अर्थ? माणसे मरून जातात आणि चर्चा चालूच राहते! हे म्हणणे खोटे नाही. कायद्याच्या वाटेने उशीर होतो. पण आमच्या गावच्या खांबाची हकीकत आठवा. तिथे आठ दिवसांत काम झाले आणि दोन वर्षांत उखडले गेले. उशीर कमी करावा, विचारणे मात्र सोडू नये, असे आम्हांला वाटते.

पुन्हा गावाकडे

त्या गावचे पुढे काय झाले, ते आता सांगतो.

गावाची संसद म्हणजे ग्रामसभा. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा तिला हा मान देतो. सभेची नोटीस निदान सात दिवस आधी द्यावी लागते. मतदारांपैकी शंभरातले पंधरा, किंवा एकूण शंभर माणसे, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभाही घ्यावी लागते.

दवंडी पिटली. सभा भरली. जागेविषयी तीन मते निघाली.

तरुण म्हणाले, “फाट्यावरच पाहिजे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू द्या, हे कोणाचे गाव आहे.” ग्रामसेवकाने सांगितले की, सडकेच्या हद्दीत आता बांधता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला हुकूम दिला आहे की, सार्वजनिक रस्त्यावर व पदपथावर पुतळा किंवा बांधकाम यांना सरकारने परवानगी देऊ नये.

काही वडीलधारे म्हणाले, “मारुतीच्या पारावर बांधा. जागा पवित्र आहे.” तेव्हा एक म्हातारे बाबा उठले. ते म्हणाले, “आज एक नाव आहे. उद्या मुसलमानाच्या किंवा बौद्धाच्या घरचा पोरगा गेला, तर त्याचे नाव कुठे लिहाल? फौजेत सगळे एका पंगतीला जेवतात. जागा सगळ्यांना आपली वाटेल अशी पाहा.” सभा गप्प झाली. मारुतीचे नाव मग कोणी घेतले नाही.

आम्ही म्हणालो, “शाळेच्या आवारात बांधा.” आमची जागा ती, म्हणून आम्हांला ती बरी वाटली. पण शाळेची जमीन जिल्हा परिषदेची. तिथे पुढे वर्गखोल्या बांधायच्या होत्या. आमचेही मत मागे पडले.

मग महिला सभेचा निरोप वाचून दाखवला. तो जिजीनेच सांगितला होता. “फाट्यावर बायका जात नाहीत. पारावर बायका बसत नाहीत. शाळेजवळ पाण्याच्या टाकीला लागून पंचायतीची मोकळी जागा आहे. पाण्याला रोज सगळ्या घरच्या बायका तिथे जातात. पोरे शाळेत तिथूनच जातात. तिथे बांधा.”

ही जागा कोणाच्या ध्यानात आली नव्हती. पंचायतीचे दप्तर काढले. जागा पंचायतीच्या नावावर होती. तिच्यावर वाद नव्हता. हात वर झाले. फाट्याचा आग्रह धरणारा तरुणांचा पुढारी हरला. पण त्याचे म्हणणे सगळ्यांनी ऐकून घेतले होते, म्हणून तो रुसला नाही. दुसऱ्या दिवशी खांब बैलगाडीत घालून तोच घेऊन आला.

ठराव वहीत लिहिला. सूचक कोण, अनुमोदक कोण, जागा किती लांब, किती रुंद, झाडलोट कोण करील, हे सारे लिहिले. वाचून दाखवला. वरची परवानगी घेतली. जिजी तेव्हा आमच्या रात्रीच्या वर्गाला येत होती. वहीत तिने सही केली. अक्षर वाकडे होते, पण अंगठा नव्हता.

आजही तो खांब तिथे आहे. पाण्याला जाताना जिजी त्यावरची धूळ पदराने पुसते आणि नाव वाचते.

आपण काय करावे?

आपल्या गावी असे काम निघाले, तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात.

१. जागा कोणाची आहे? सातबारा उतारा किंवा पंचायतीचे दप्तर पाहावे. सरकारी जमीन असेल तर कलेक्टर कचेरीत विचारावे. गुरांच्या चराईचे गायरान तर परवानगीवाचून मुळीच घेऊ नये. पुतळा बसवायचा असेल तर त्याचे वेगळे नियम आहेत. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

२. तिथे कोण येईल? बायका, मुले, म्हातारी माणसे, सगळ्या जातिधर्मांची माणसे तिथे बिनसंकोच येऊ शकतील का?

३. पुढे सांभाळील कोण? झाडलोट, रंग, नवी नावे कोरणे, हे कोणाकडे, ते ठरावात लिहावे.

ही तीन उत्तरे मिळाल्यावर ग्रामसभेत ठराव करावा आणि त्याची नक्कल मागून घ्यावी. वर्गणी त्यानंतर गोळा करावी. पैसा लवकर जमतो. पुण्याला दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ ला खुले झाले. द्यायला लोक तयार असतात. त्यांच्या पैशाचे काम टिकेल, हे पाहणे आपले काम आहे.

शब्दांचे अर्थ

स्मारक – आठवण राहावी म्हणून बांधलेली वस्तू
हुतात्मा – देशासाठी प्राण दिलेला माणूस
विधेयक – कायद्याचा मसुदा
अधिनियम – संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला कायदा
विश्वस्त – दुसऱ्याची वस्तू भरवशाने सांभाळणारा
सूचक – ठराव मांडणारा
अनुमोदक – ठरावाला पहिला पाठिंबा देणारा

प्रश्न

१. फाट्यावरचा खांब का काढावा लागला?
२. जालियनवाला बागेच्या कायद्यात कोणत्या गोष्टी लिहिल्या आहेत?
३. दिल्लीच्या जागेविषयी दोन बाजूंची म्हणणी काय होती? तुम्हांला कोणते पटते? का?
४. जिजीने सुचवलेली जागा सगळ्यांना का पटली?
५. तुमच्या गावात स्मारक असेल तर तिथे जा. त्यावरील नावे वहीत उतरवून घ्या. ती जागा कोणाच्या नावावर आहे, ते पंचायतीत विचारा आणि पुढच्या वर्गात सांगा.